टॅब, इंटरनेट आणि घरखर्चाची वही

आज मी तुमच्याशी एका खरेदीबद्दल बोलणार आहे. टॅब घ्यावा का, आणि घरात इंटरनेटची जोडणी घ्यावी का, हा प्रश्न सध्या पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी निघतो. मूल आठवी-नववीत गेलं, की निघतो. मुलगी लग्न होऊन लांब गेली, की निघतो. घरातलं कुणी निवृत्त झालं, तरी निघतो. आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर दुकानात उभं राहूनच ठरतं. दुकानदार वस्तू हातात देतो, पडदा लखलखतो, हप्त्याची सोय असतेच. मग घरी येताना आपण आपलीच समजूत काढत येतो, की आता काय, सगळ्यांकडेच आहे!

मी वाईचा. एका सहकारी संस्थेत ३१ वर्षं हिशेबनीस म्हणून नोकरी केली. त्यामुळे आळीतले लोक अशा वेळी मला विचारायला येतात, "अण्णा, घेऊ का?" मी घ्या म्हणत नाही आणि घेऊ नका असंही म्हणत नाही. मी एवढंच सांगतो, की आधी हे दोन खर्च वेगळे करा. टॅब हा एक खर्च, घरची इंटरनेट जोडणी हा दुसरा. बोलण्यात ते जोडीनं येतात, नवरा-नवरीसारखे. वहीत मात्र दोघांची पानं वेगळी पाहिजेत.

तसं पाहिलं तर आपल्याकडे इंटरनेट येऊन तीस वर्षं होऊन गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत यायचं आणि ठरलेल्या तासांचे पैसे आगाऊ भरावे लागायचे. केंद्र सरकारच्या नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या शंभरांपैकी सुमारे चोवीस घरांत इंटरनेटची सोय होती. खेड्यांत तर शंभरात पंधराच. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या पाहणीत हाच आकडा शंभरात ८६ वर गेला. एवढा फरक कशानं पडला? मोबाइलनं. २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा झपाट्यानं स्वस्त झाला. पुढे जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तरी घराघरांत शिरलेलं इंटरनेट काही बाहेर गेलं नाही. म्हणजे 'घरात इंटरनेट हवं का' हा प्रश्न बहुतेकांपुरता संपलेला आहे. ते खिशात आहेच. खरा प्रश्न असा, की खिशातलं पुरत असताना भिंतीतून आणखी एक आणायचं का?

आता आमच्या घरचंच सांगतो, म्हणजे हिशेब समजायला सोपा जाईल. घरात आम्ही पाच माणसं. मी, माझी पत्नी, मुलगा, सून आणि नात. मुलगा आणि सून दोघंही शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. सकाळी सातला घर सोडतात, यायला संध्याकाळचे सात वाजतात. नात नववीत होती तेव्हाची ही गोष्ट. माझं निवृत्तिवेतन महिन्याच्या दुधाला आणि औषधांना पुरेल एवढंच. घर चालतं ते दोघांच्या पगारावर.

अशात सौ.ची पोस्टातली आवर्ती ठेव मुदत भरून हातात आली. पाच वर्षं दरमहा ५०० रुपये ती शिवणकामातून बाजूला काढत होती. पोस्टाच्या एजंट बाई महिन्याच्या महिन्याला येऊन न्यायच्या. व्याज धरून ३५ हजारांच्या आसपास रक्कम झाली. पैसे हातात पडल्या दिवशीच तिनं जाहीर केलं, "पोरीला टॅब घ्या आणि ते वाय-फाय का काय, तेही घ्या. पुढच्या वर्षी दहावी आहे तिची."

मुलानं चौकशी केली. त्याच्या मनात भरलेला टॅब २२ हजारांचा होता. जोडणीचे ५०० रुपये महिना, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. वर्षाचे ७,०८०. टॅबचं कव्हर, कानात घालायचे इअरफोन, जोडणी बसवण्याचा खर्च, असं सगळं मिळून तिशी सहज ओलांडत होती. ठेव जवळपास संपत होती.

आणि इथेच अडचण होती. सौ.ला दोन-अडीच वर्षांपासून ऐकायला कमी येत होतं. मुलगी बेळगावला असते. तिचा फोन आला, की "तुम्हीच बोला" म्हणून सौ. माझ्या हातात फोन द्यायची. शेजारणी गप्पा मारायला बसल्या, की ही हसायची, पण सगळ्यांच्या मागून हसायची. कानाच्या तपासणीत दोन्ही कानांचं ऐकणं कमी झालेलं दिसलं होतं, आणि निदान एका कानाला तरी यंत्र लावा असं सांगितलं होतं. त्याचा खर्च २० हजार. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "या वयात मला काय ऐकायचंय? जे ऐकायचं ते ऐकून झालं."

म्हणजे बघा, एका बाजूला नातीचा टॅब, दुसऱ्या बाजूला आजीचा कान. पैसे आजीचेच, आणि आजीच म्हणतेय टॅब घ्या. अशा वेळी कुणी मोठ्या आवाजात बोललं, की घरात भांडण होतं. म्हणून मी वही काढली.

पहिल्या पानावर जोडणीचा हिशेब मांडला. टॅबची किंमत एकदाच दिसते, म्हणून ती डोळ्यांत भरते. जोडणीची किंमत महिन्याला थोडी थोडी जाते, म्हणून ती दिसत नाही. ५९० रुपयांनी तीन वर्षांचे होतात २१,२४०. शिवाय वाय-फायचा डबा, ज्याला राउटर म्हणतात, तो रात्रंदिवस चालू राहतो. साधारण १० वॅटचा धरला, तर महिन्याला सात युनिट वीज होते. युनिटला आठ रुपये लावले तर वर्षाचे सातशेच्या घरात. तीन वर्षांचे मिळवले, की जोडणीचा खर्च २३ हजारांच्या वर जातो, म्हणजे त्या महागड्या टॅबपेक्षाही जास्त. मुलगा आकडा बघून गप्प बसला. जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि 'कर वेगळा' हे शब्द बारीक अक्षरांत. तीन वर्षांचा आकडा तर कुठेच नसतो. तो आपणच काढायचा.

दुसऱ्या पानावर मी महिनाभर एक नोंद ठेवली. घरात इंटरनेट कुणी, कधी आणि कशासाठी वापरलं? मोबाइलच्या सेटिंगमध्ये डेटाचा वापर दिसतो, तो रोज रात्री लिहून ठेवला. माझ्या फोनवर दिवसाला २ जीबीची योजना आहे. त्यातला माझा वापर अर्धा जीबीही होत नव्हता. बातम्या, दोन भजनं, बँकेचा निरोप, संपलं. उरलेला डेटा रोज रात्री बारा वाजता वाया जात होता, आणि मी पैसे मात्र पूर्ण भरत होतो. फोनवरचं 'हॉटस्पॉट' चालू केलं, की हाच उरलेला डेटा दुसऱ्या यंत्राला देता येतो. साध्या प्रतीचं चित्र असेल, तर तासाभराच्या व्हिडिओला साधारण एक जीबीपर्यंत लागतो. म्हणजे नातीच्या रोजच्या तासाभराच्या अभ्यासाचा डेटा घरात आधीच पडून होता.

मग अडचण कुठे होती? तीही नोंदीत दिसली. शिकवणीच्या टिपा आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका सुनेच्या फोनवर यायच्या, आणि सून शिरवळला. त्या माझ्या फोनवर मागवल्या, तर पानभर मजकूर हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर वाचायचा. भूमितीची आकृती मोठी केली की खालचं गणित बाहेर जायचं, गणित आत आणलं की आकृती दिसेनाशी व्हायची. मध्येच मला फोन आला, की तिचा धडा थांबायचा. पोरगी तक्रार करत नव्हती, पण दहा मिनिटांत उठून जात होती. म्हणजे आमच्या घरात कमी पडत होता तो मोठा पडदा. इंटरनेट कमी पडत नव्हतं. दोन खर्च वेगळे केले नसते, तर हे कळायला मार्ग नव्हता.

आता मोठ्या पडद्यानं मूल हुशार होतं का, हाही प्रश्न आहेच. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या शंभरांपैकी ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो शिकण्याच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या सरकारनं शाळकरी मुलांना लाखो स्वस्त लॅपटॉप वाटले. सुमारे पंधरा महिन्यांनी संशोधकांनी तपासणी केली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. मुलांना यंत्र हाताळता येऊ लागलं होतं, पण गणितात आणि भाषेत लॅपटॉप न मिळालेल्या मुलांपेक्षा ती पुढे गेलेली दिसली नाहीत. यंत्र दिलं, पण त्याच्याशी अभ्यासाची सांगड घालणारं माणूस मिळालं नाही, तर असं होतं.

मी हे घरात वाचून दाखवलं. तेव्हा सून एकदम म्हणाली, "आई, तिचं पाठांतर आतापर्यंत तुम्हीच घेत आलात. इतिहासाच्या सनावळ्या, संस्कृतची सुभाषितं. हल्ली ती तुमच्याकडे येत नाही, कारण तिला प्रत्येक ओळ तीनदा ओरडून म्हणावी लागते. टॅब आणून दिला, तरी तिच्याशेजारी बसणार कोण? आम्ही तर सातनंतर येतो."

सौ. काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिला हे वाक्य पहिल्यांदाच नीट ऐकू गेलं, कारण सून तिच्या समोर बसून सावकाश बोलली होती. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून तिनंच विचारलं, "कानाचं ते यंत्र दिसतं का हो बाहेरून?" मी म्हणालो, "चष्म्यापेक्षा कमी दिसतं."

मग खर्चाची फोड नव्यानं केली. कानाचं यंत्र २० हजार. टॅब २२ हजारांचा न घेता १३ हजारांचा. घरची जोडणी नाही. कव्हर वगैरे धरून ठेवीतून हजार-बाराशे उरले, ते यंत्राच्या सेलसाठी ठेवले. हे सेल छोटे, बटणासारखे असतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत संपतात. हाही खर्च वहीत लिहायलाच हवा. कान आधी आणि टॅब मागून, हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला. टॅब चार महिने उशिरा आला तरी दुकानात मिळतोच, उलट कधी कधी स्वस्त मिळतो. ऐकणं कमी झालेलं माणूस मात्र हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणं सांगितली आहेत, त्यांत कमी ऐकू येणं हे एक आहे. म्हणजे हा खर्च नुसत्या सोयीचा नाही.

टॅब स्वस्तातला घेतला म्हणजे अगदी कुठलाही घेतला, असं नव्हे. आकाश नावाचा टॅब काहींना आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांत पडणार होता. त्याची चर्चा जगभर झाली. पण सात इंचांचा, बोटानं दाबून चालवायचा पडदा आणि अगदी तोकडी स्मृती यांमुळे तो विद्यार्थ्यांच्या हातात टिकला नाही. स्वस्त वस्तू वापरात आली नाही, तर तिचे पैसे गेलेच म्हणायचे. म्हणून काही गोष्टी पाहून घ्याव्यात. पडदा निदान पुस्तकाच्या पानाएवढा दिसावा. काम करणारी स्मृती, म्हणजे रॅम, ४ जीबीच्या खाली नको. साठवणीची जागा ६४ जीबीच्या खाली नको, आणि वरून मेमरी कार्ड घालायची सोय असावी. कंपनी त्याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार, हे विचारावं. दुरुस्तीचं केंद्र आपल्या गावापासून किती लांब आहे, हेही विचारावं. फक्त वाय-फायवर चालणारा टॅब सिमकार्डवाल्यापेक्षा बहुधा स्वस्त असतो, आणि घरातल्या फोनच्या हॉटस्पॉटवर तो नीट चालतो.

त्यावर वाचायचं काय, याची चिंता नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पुस्तकातल्या चौकोनी खुणेवरून, म्हणजे क्यूआर कोडवरून, 'दीक्षा' ॲपमधला धडा उघडतो. आमच्या वाईत ज्याचं काम उभं राहिलं, त्या मराठी विश्वकोशातल्या नोंदी फुकट वाचता येतात. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. एकदा उतरवून ठेवलेलं पुस्तक वाचायला इंटरनेट लागत नाही. आमची नात रविवारी आठवड्याचं सगळं उतरवून ठेवते आणि आठवडाभर हॉटस्पॉट बंद असतानाच वाचते. मधे मधे वाजणारे निरोपही त्यामुळे आपोआप बंद होतात.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जोडणी घेऊच नये का? तसं अजिबात नाही. आमच्याच आळीत एक घर आहे. तिथला मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, त्याची बहीण संगणकाचा अभ्यासक्रम करते आणि दोघांच्या बैठका एकाच वेळी असतात. त्यांना महिन्याचे ५९० रुपये भारी नाहीत, ती त्यांची शिदोरी आहे. ज्यांच्या घरात मोबाइलची रेंज येत नाही, पण तार आलेली आहे, त्यांनाही जोडणी हवी. घरातल्या चार फोनांचे मोठे रिचार्ज छोटे करता येत असतील, तर जोडणी स्वतःचा खर्च बऱ्यापैकी भरून काढते. पण ते रिचार्ज खरोखर छोटे करायला हवेत. पुष्कळ घरांत जोडणी येते आणि रिचार्जही तसेच राहतात. घेताना सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याआधी एक महिना वापरून पाहावं, आणि घराच्या दगडी भिंतींपलीकडे सिग्नल जातो का, तेही बघावं.

उलट काही कामांना टॅबही लागत नाही आणि जोडणीही लागत नाही. निवृत्तांचा हयातीचा दाखला घ्या. 'जीवन प्रमाण' ही योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली. साध्या स्मार्टफोनवर ते होतं. 'ई-संजीवनी'वर सरकारी डॉक्टरांचा फुकट सल्ला फोनवरूनच घेता येतो. तेवढ्यासाठी कुणी टॅब घ्या म्हणालं, तर हसून सोडून द्यावं.

यंत्र आणलंत, तर दोन नियम घरात पहिल्या दिवसापासून हवेत. टॅब बैठकीच्या खोलीत राहील आणि रात्री दहानंतर तो आजी-आजोबांच्या कपाटात जाईल, हा एक. दुसरा नियम मोठ्यांसाठी. टॅबवर बँकेचं ॲप ठेवायचं नाही. पोलिसाच्या वेशातला कुणी पडद्यावर येऊन "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणाला, तर फोन ठेवून द्यायचा. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचं.

आमच्या वहीत पुढे काय दिसलं, तेही सांगतो. टॅब आल्यावर पहिल्या महिन्यात डेटाचा वापर वाढला. मला वाटलं, अभ्यास. नोंद पाहिली, तर रोज दुपारी बेळगावचा व्हिडिओ कॉल होता, चाळीस-चाळीस मिनिटांचा. यंत्र लावलेलं असतं, आणि मोठ्या पडद्यावर मुलीचे ओठ हलताना दिसतात, त्यामुळे सौ.ला आता मी मध्ये लागत नाही. एखादा शब्द तरीही निसटलाच, तर बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी सोय अँड्रॉइडवर आहे, ती नातीनं तिला शिकवली आहे. संध्याकाळी दोघी शेजारी बसतात. नात टॅबवरचं वाचून पाठ म्हणते, आजी डोळे मिटून ऐकते आणि चुकलं की थांबवते.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाण्याआधी एक महिना थांबा. एक वही घ्या. घरातलं कुठलं काम या वस्तूवाचून अडलंय, ते नावानिशी लिहा. आहे त्या फोनवर आणि आहे त्या डेटावर ते होतं का, करून पाहा. यंत्राचा आणि जोडणीचा तीन वर्षांचा खर्च वेगवेगळा काढा. तोच पैसा घरात आणखी कुणाला हवा आहे, हेही लिहा, कारण ज्याला खरी गरज असते, ते माणूस बऱ्याचदा मागत नाही. आणि सगळ्यात शेवटी, यंत्राशेजारी कोण बसणार, त्याचं नाव लिहा. ते नाव लिहिता आलं, तर खुशाल घ्या.